औट घटका, पासंग, धारण : मापे गेली, वाक्प्रचार उरले. त्यांमागचा हिशेब काय?

प्रश्न : तळटीप

नमस्कार. मी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवते आणि शिकवताना वारंवार येणारी एक अडचण येथील जाणकारांपुढे ठेवत आहे. पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शकांत वाक्प्रचारांची यादी असते, प्रत्येकापुढे अर्थ दिलेला असतो, आणि मुले तो पाठ करून वाक्यात उपयोगही बिनचूक करतात. परंतु ‘औट घटकेचा राजा’ म्हणजे अल्पकाळ सत्ता भोगणारा, असे सांगून झाल्यावर एखादी चौकस मुलगी ‘औट म्हणजे किती, आणि घटका म्हणजे किती मिनिटे?’ असे विचारते, तेव्हा यादीतला अर्थ पुरेसा पडत नाही. ‘पासंगालाही न पुरणे’ या प्रयोगातला पासंग काय असतो, ‘पाचावर धारण बसते’ तेव्हा नेमके कोठे काय बसते, ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ यातले विश्व कोणते, असे प्रश्न त्याच वाटेने पुढे येतात.

माझ्या असे लक्षात आले की, यांतले बरेचसे प्रयोग काळ, वजन, धान्य आणि पैसा मोजण्याच्या जुन्या पद्धतींतून आलेले आहेत. ती मापे व्यवहारातून गेली, त्यामुळे वाक्प्रचाराचा ढोबळ अर्थ तेवढा हाती राहिला आणि त्यातला नेमकेपणा निघून गेला. मला ऐकीव गोष्टी नको आहेत. ज्या मापाचा किंवा नाण्याचा हिशेब खात्रीने सांगता येतो, तो हिशेब हवा आहे. आपण प्रत्येकाने एखादा-दुसरा प्रयोग घेऊन उलगडून दाखवला तरी वर्गात मोठा उपयोग होईल.

उत्तर : पंतोजी

प्रश्न चांगला आहे, आणि ‘औट’पासूनच सुरुवात करावी हे उत्तम, कारण त्या एका शब्दात जुन्या गणिताची सगळी रीत सापडते. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतात साडेतीनला ‘अर्धचतुर्थ’ म्हणत, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. त्याचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाले आणि तेथून मराठीत औट आला. अपूर्णांकांची आपली बहुतेक नावे अशाच घडणीची आहेत. ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा असलेला, तो अडीच. ‘द्व्यर्ध’, म्हणजे दुसरा अर्धा असलेला, तो दीड. ‘सपाद’, म्हणजे पावासहित, तो सव्वा. आणि ‘पादोन’, म्हणजे पावाने उणा, तो पाऊण. यांतले दीड, अडीच, सव्वा आणि पाऊण आजही बाजारात रोज वापरले जातात आणि एकटा औट मागे पडला, कारण त्याची जागा साडेतीनने घेतली. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्यांतली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संतवाङ्मयात मनुष्यदेहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते तेही याच मापाने, कारण माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरते, असा समज होता.

आता घटका. अहोरात्राच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची साठ पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. तेव्हा औट घटकेच्या राजाचे राज्य ८४ मिनिटांचे होते. ‘अल्पकाळ’ या अर्थापेक्षा हे उत्तर विद्यार्थिनीला अधिक आवडेल, असे वाटते. चौसा येथे १५३९ साली गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला एका भिश्त्याने वाचवले आणि त्याबद्दल त्याला काही काळ तख्तावर बसवण्यात आले, ही हकिकत या वाक्प्रचाराला अनेकदा चिकटवली जाते. परंतु हिंदीत त्या आशयाचा जो प्रयोग आहे त्यात बादशाही अडीच दिवसांची असते. मराठीने दिवसांच्या जागी घटका आणि अडीचच्या जागी औट योजला, यावरून आपला प्रयोग आपल्या पंचांगी कालगणनेतून स्वतंत्रपणे आला असावा, असे माझे मत आहे.

घटका मोजायची कशी, हे मुलांना प्रत्यक्ष करून दाखवता येईल. तांब्याची पातळ अर्धगोल वाटी घेत, तिच्या तळाला बारीक छिद्र पाडलेले असे, आणि ती पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडून देत. छिद्रातून पाणी आत येत राही, वाटी हळूहळू जड होई आणि बरोबर एका घटकेने बुडून तळाशी जाई. हे घटिकापात्र. लग्नाचा मुहूर्त सांभाळण्यासाठी जोशीबुवा ते सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला पाण्यात सोडत आणि तेथून घटका मोजत. वाटी भरायला आली म्हणजे आता ती बुडणार हे ठरलेलेच असे. म्हणून ‘त्याची घटका भरली’ या प्रयोगात शेवट जवळ आल्याचा जो अटळपणा आहे, तो वाटीतल्या पाण्याचा आहे. ‘घटकाभर बसा’ असे आपण पाहुण्यांना म्हणतो तेव्हाही खरे तर २४ मिनिटांचेच आमंत्रण देत असतो. पाहुणे किती वेळ बसतात, हा भाग निराळा.

जाता जाता ‘तास’ या शब्दाविषयी. फारसीतून आलेला हा शब्द मूळचा काळाचा नसून भांड्याचा आहे. वेळ जाहीर करण्यासाठी काशाच्या ज्या थाळीवर टोले देत, तिला तास म्हणत, आणि थाळीचे नाव हळूहळू दोन टोल्यांमधल्या अवधीला मिळाले. ‘घड्याळ’ या शब्दात तर घटीच बसलेली आहे. त्यामुळे ‘घड्याळी एक तास’ असे म्हणताना आपण पाण्यातली वाटी आणि काशाची थाळी या दोहोंचा उच्चार एका दमात करतो.

उत्तर : काटेतोल

पंतोजींनी काळाचे माप घेतले. मी तराजूकडे वळतो, कारण आमच्या घरी तीन पिढ्या किराणा मालाचे दुकान होते आणि पासंग हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी गल्ल्यावर ऐकलेला आहे.

हातात धरायच्या तराजूची दोन पारडी क्वचितच अगदी सारख्या वजनाची असतात. साखळीची एखादी कडी झिजते, पारड्याला पोचा येतो, गुळाची चिकटी राहते. म्हणून तोलण्यापूर्वी रिकामा तराजू उचलून वरच्या दांडीचा काटा सरळ उभा राहतो की नाही ते पाहायचे, आणि एक पारडे वर राहिले तर त्यात किंवा त्याच्या दोरीला एखादा खडा, चिंचोका किंवा लोखंडाचा तुकडा अडकवून दोन्ही बाजू समान करायच्या. तो तुकडा म्हणजे पासंग. शब्द फारसी आहे आणि त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. त्या तुकड्याला माल म्हणून किंमत नसते, वजन म्हणूनही किंमत नसते. तराजूची खोड झाकण्यापुरतेच त्याचे काम असते. आता ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे वाक्य वाचून पाहावे. ज्याच्याशी तुलना चालली आहे तो पारड्यातला माल आहे, आणि दुसरा गृहस्थ त्याच्यासमोर वजन म्हणून उभा राहणे दूरच, तराजू सारखा करायच्या खड्याइतकाही भरत नाही, असा तो बोचरा अर्थ आहे. ‘बरोबरी करू न शकणे’ या छापील अर्थात ही धार राहत नाही.

त्याच तराजूतून ‘पारडे जड होणे’, ‘पारडे फिरणे’, ‘काटा मारणे’ आणि ‘काटेतोल’ हे प्रयोग आले. काटा मारणे म्हणजे तोलताना लबाडी करणे. आणि काटा मधोमध स्थिर ठेवून तोललेले ते काटेतोल, जे नाव मी येथे घेतले आहे.

‘क्षणात तोळा, क्षणात मासा’ या प्रयोगाचा हिशेब तर नेमका देता येतो. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आजारी माणसाची प्रकृती तोळ्यावरून माशावर येते तेव्हा ती थोडीथोडकी न घसरता बारा पटींनी खाली येते. गुंज म्हणजे त्याच नावाच्या वेलीची लाल, काळ्या डोळ्याची बी, जी सोनार खरोखरच पारड्यात टाकत. मासा हा शब्द मुलांना नक्की चकवेल, कारण त्याचा पाण्यातल्या माशाशी काहीही संबंध नाही. संस्कृत ‘माष’ म्हणजे उडीद, आणि उडदाच्या दाण्यावरून ते वजन आले. इंग्रजी अमलातला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजचे सराफ तोळा म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅम देतात, म्हणजे शब्द तोच राहिला आणि सोने दीड ग्रॅमहून अधिक कमी झाले.

आणखी एक छोटी सूचना. ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीचे चित्र काढायला सांगितले की मुले सिंह काढतात. येथे शेर हे वजन आहे, जनावर नव्हे.

उत्तर : उलटतपासणी

वरील दोन्ही उत्तरे पक्की आहेत, कारण त्यांत आधी माप आहे आणि मग वाक्प्रचार. याच्या उलट क्रमाने जे चालते, म्हणजे आधी वाक्प्रचारातला आकडा पाहायचा आणि मग त्याच्यासाठी एखादी यादी किंवा गोष्ट शोधायची, त्याविषयी सावध राहावे, असे सुचवतो.

‘अठरा विश्वे’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अठरा गुणिले वीस बरोबर तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य, असा खुलासा सर्वत्र फिरतो. गुणाकार बिनचूक आहे, परंतु वर्षाचे दिवस अशा विसांत मोजण्याची रीत दाखवता येत नसेल तर तो नुसताच गुणाकार राहतो. याउलट ‘विसवा’ हा विसाव्या हिश्श्याचा शब्द जमिनीच्या मोजणीत रूढ होता. उत्तरेत बिघ्याचे वीस बिस्वे, आणि आपल्याकडेही बिघ्याचे वीसच भाग, फक्त त्यांना पांड म्हणत. हिंदीत ‘बीसों बिस्वे’ म्हणजे संपूर्णपणे, निःसंशय. तेव्हा विसांपैकी अठरा हिस्से दारिद्र्य आणि राहिलेले दोन कसेबसे चालणारे पोट, हा अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो. रुपयातले सोळा आणे म्हणजे सगळेच्या सगळे, अशी जी भाषा आपण खरेपणाविषयी करतो, तिचीच ही जमिनीतली बहीण आहे. विसव्याचा ‘विश्वा’ झाला आणि मग लोकांना त्यात ब्रह्मांड दिसू लागले.

‘पाचावर धारण बसणे’ याचे दोन खुलासे ऐकायला मिळतात. एक म्हणतो की पाच म्हणजे पंचप्राण. दुसरा म्हणतो की धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. यांतला दुसरा उचलून धरण्याजोगा आहे, कारण जुन्या कागदपत्रांत धारण हा शब्द धान्याच्या दराच्या अर्थाने सर्रास येतो. मात्र येथे एक खुबी लक्षात घेतली पाहिजे. आज आपण भाव ‘किलोला इतके रुपये’ असा सांगतो, म्हणून आकडा वाढला की महागाई वाढते. तेव्हा भाव ‘रुपयास इतके माप’ असा सांगत, म्हणून आकडा उतरला की पोटात गोळा येई. धारण पंधरावरून दहावर, दहावरून पाचावर आली आणि तेथेच बसली, म्हणजे हलायचे नाव घेईना, तर घाबरगुंडी उडणारच. वाक्प्रचारातले ‘बसणे’ हे क्रियापद पंचप्राणांच्या खुलाशात नीट बसत नाही, भावाच्या खुलाशात मात्र अगदी चपखल बसते. माझा कौल त्याला आहे.

‘चौदावे रत्न’ म्हणजे मार. समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली हे खरे, परंतु चौदावे कोणते हे शोधत बसणाऱ्यांनी लग्नात म्हटले जाणारे ‘लक्ष्मीः कौस्तुभ’ हे मंगलाष्टक एकदा बोटांवर मोजावे. त्यातले चौदावे रत्न अमृत आहे. म्हणजे हा प्रयोग उपरोधाचा आहे, आणि उपरोधाला यादीचा आधार लागत नाही. ‘साडेसाती’ची गोष्ट वेगळी. शनीला राशिचक्राची एक फेरी पूर्ण करायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी मिळून साडेसात. फलज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, येथला हिशेब मात्र चोख आहे.

तळटीप :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाव मोजण्याची उलटी रीत वर्गात सांगितली तर धारणेचा अर्थ कोणीही विसरणार नाही. पैशाविषयीचे प्रयोग अद्याप कोणी घेतलेले नाहीत. आणा, पै, दमडी, दाम हे शब्द मुलांनी फक्त म्हणींत पाहिलेले आहेत. तसेच ‘पायलीचे पन्नास’ यातला हिशेबही हवा आहे. आणि एक शंका विचारू का? एका विद्यार्थ्याने ‘निर्व्याज प्रेम’ याचा अर्थ ‘व्याज न लावता केलेले प्रेम’ असा लिहिला. मी त्यावर फुली मारली, पण फुली का मारली ते मला त्याला समजावून सांगता आले नाही.

उत्तर : खतावणी

त्या विद्यार्थ्याला अर्धा गुण द्यावा, असे मी म्हणेन. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट, वरवरचे सोंग. त्यावरूनच निंदेच्या मिषाने केलेल्या स्तुतीला ‘व्याजस्तुती’ हे अलंकाराचे नाव मिळाले. ‘निर्व्याज’ म्हणजे ज्यात बहाणा नाही, आतबाहेर नाही, असे. कर्जावरच्या वाढीला संस्कृत धर्मशास्त्र ‘वृद्धी’ म्हणते, ‘कुसीद’ म्हणते. तिला व्याज हे नाव पुढे देशी भाषांत मिळाले आणि कोशकार ते याच ‘बहाणा’ अर्थाच्या शब्दाशी जोडतात. म्हणजे मुद्दलाच्या नावाखाली काहीतरी जास्तीचे काढून घेणे, असा धागा आहे. सावकाराचे व्याज आणि निर्व्याज प्रेम हे एकाच घरातले आहेत. विद्यार्थ्याने फक्त धाकट्याला थोरला समजले.

आता रुपया. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली, त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. ‘पै न पै चुकती केली’ म्हणणारा माणूस रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भागही मागे ठेवत नाही. दोन आण्यांची चवली, चारची पावली, आठची अधेली. मोड न झालेला, अखंड रुपया तो ‘बंदा’. आणि चांदीचा खरा रुपया फरशीवर आपटला की खणखण वाजतो, म्हणून खरा माणूसही ‘खणखणीत’ आणि ‘बंदा रुपया’. फारसीत ‘खुर्दा’ म्हणजे बारीक तुकडे, आणि मराठीत त्याचा अर्थ सुटी नाणी. शत्रूचा खुर्दा उडवणे म्हणजे त्याची अक्षरशः चिल्लर करणे. तो ‘चिल्लर’ मात्र दक्षिणेकडून, कानडी-तमिळच्या बाजूने आलेला आहे.

या सगळ्यांत ‘दाम’ हा शब्द सर्वांत लांबचा प्रवासी आहे. ग्रीकांचे ‘द्राख्मे’ हे चांदीचे नाणे वायव्येकडून येथे आले, संस्कृतात त्याचे ‘द्रम्म’ झाले, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत दाने द्रम्मांत मोजलेली आहेत, आणि त्याच द्रम्माचा पुढे दाम झाला. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते आणि असे चाळीस दाम मिळून रुपया होई. ‘दमडी’ ही दामाचीच धाकटी पाती. तेव्हा ‘चमडी जाई पण दमडी न जाई’ असे जेव्हा आपण एखाद्या चिक्कूला म्हणतो, तेव्हा नकळत अथेन्सच्या नाण्याचे नाव घेतो. एक खोड मात्र काढून टाकावी. ‘साम, दाम, दंड, भेद’ यातला दाम हा पैशाचा नव्हे. नीतिशास्त्रातले चार उपाय साम, दान, भेद आणि दंड असे आहेत. ‘साम’च्या यमकाने ‘दान’चे ‘दाम’ झाले, आणि अर्थही जवळपास जुळत असल्यामुळे ते खपून गेले.

सर्वांत मोठी उलटापालट मात्र ‘दामदुप्पट’ या शब्दाची झाली आहे, आणि ती मुलांना अवश्य सांगावी. आज दामदुप्पट म्हटले की अमुक वर्षांत पैसे दुप्पट करून देण्याचे आमिष डोळ्यांपुढे येते. मूळचा दामदुप्पट हा ऋणकोचे रक्षण करणारा नियम आहे. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची वसुली करता येईल, म्हणजे एकूण येणे मुद्दलाच्या दुपटीवर जाऊ शकणार नाही, अशी ती कमाल मर्यादा होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हे तत्त्व आलेले आहे, आणि इंग्रजी न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा भाग म्हणून ते मानले. शंभर रुपये कर्ज घेतले आणि व्याज दीडशेवर गेले, तरी सावकाराला एकूण दोनशेच मागता येत. यातून निसटण्याची वाट सावकारांनी शोधलीच. साचलेले व्याज मुद्दलात चढवायचे, कुणब्याकडून नवे खत लिहून घ्यायचे, की दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. १८७५ साली सुप्यापासून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांत लोकांनी सावकारांच्या घरांतली खते बाहेर काढून जाळली. ती खते का जाळावीशी वाटली, हे या एका युक्तीवरून कळते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला तो त्यानंतर. ज्या शब्दाने वसुलीला लगाम घातला होता, तोच शब्द आता हव्यासाच्या जाहिरातीत वापरला जातो, याचे मला अजूनही नवल वाटते.

उत्तर : काटेतोल

‘पायलीचे पन्नास’ राहिले होते, ते पुरे करतो. पायली हे धान्य मोजायचे माप. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आमच्या भागात बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ‘खंडीभर कामे पडली आहेत’ म्हणताना आपण २४० पायल्या काम सांगत असतो. गावगाड्यात पुष्कळ देवघेव पैशाने न होता धान्याने होई, आणि पायलीभर जोंधळे टाकले की ज्या वस्तूचे पन्नास नग मिळतात, ती वस्तू उघडच कवडीमोलाची. म्हणून ‘असले पुढारी पायलीला पन्नास मिळतात’ या वाक्यात संख्येपेक्षा किमतीवर बोट आहे. ‘खूप’ एवढाच अर्थ देणाऱ्या यादीत हा तिरस्कार गळून जातो.

उत्तर : पंतोजी

खतावणी यांच्या आण्यांच्या हिशेबाला एक पुरवणी जोडतो, कारण ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना ती घरीच ऐकायला मिळालेली असेल. पिकाचा अंदाज रुपयाच्या भाषेत करण्याची पद्धत महसूल खात्यात फार जुनी आहे. पूर्ण पीक आले तर सोळा आणे, निम्मे आले तर आठ आणे, यावरून त्या अंदाजाला आणेवारी म्हणू लागले. शेतातला ठरावीक आकाराचा तुकडा आखून घ्यायचा, त्यातले पीक कापून, मळून, तोलायचे, आणि प्रमाण उत्पन्नाशी त्याची तुलना करून गावाचा आकडा ठरवायचा, अशी ही रीत. दशमान पद्धतीनंतर तिचे पैसेवारी झाले, आणि पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईग्रस्त धरून सारा-सूट वगैरे सवलतींचा विचार करायचा, हा महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे चालत आलेला दंडक आहे. आणा नाण्यांतून गेला, चार आण्यांचे नाणेही ३० जून २०११ रोजी चलनातून बाद झाले, सरकारी कागदावर पैसेवारी छापली जाते. परंतु पाऊस ओढला की चावडीवर आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत चर्चा होते ती अजून आणेवारीचीच.